खिजाबाच्या दगडात धुतलेला चेहरा

मेटॉलची बाटली संपली तेव्हा मी आधी सरकारला शिव्या घातल्या, मग लढाईला, मग सोलापूरच्या व्यापाऱ्याला आणि शेवटी बाटलीला. माझा स्वभावच तसा. धाराशिवात माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडची एक खोली, तिला उत्तरेकडून काचेचं छप्पर, आणि मागे खिडक्या बुजवून केलेली अंधारी खोली. फोटो धुण्याच्या औषधात तीन-चार जिन्नस असतात, पण खरं काम त्यातला एकच करतो. फिल्मवर उजेडाची जी न दिसणारी खूण पडलेली असते, ती काळी करून दाखवणं हे ते काम. बाकीचे जिन्नस त्याच्या हाताखालचे. आमच्याकडे हे काम मेटॉल करायचं आणि ते परदेशातून यायचं. लढाईत ते मिळेनासं झालं. लढाई संपली, सोलापुरात स्वातंत्र्य आलं, आमच्याकडे निजामाचंच राज्य राहिलं, आणि मग हद्दीवर नाकेबंदी बसली. जे काही चोरूनमारून येत होतं तेही थांबलं.

तेच काम करणाऱ्या हायड्रोक्विनोनचा एक डबा शिल्लक होता. त्यात धुण्याचा सोडा घातला की औषध तयार होई, पण ते फार रासवट. काचेच्या मोठ्या प्लेटला तसलं चालतं, कारण प्लेट कागदावर ठेवून आहे तेवढीच छापायची असते. माझी अडचण वेगळी होती. सोलापुरात एक छोटा कॅमेरा मी जुन्यात घेतला होता. त्याच्या फिल्मवरचं चित्र काड्यापेटीवरच्या चित्राहून लहान. ते वाढवूनच बघावं लागतं, आणि वाढवलं की औषधाची सगळी लबाडी उघडी पडते. रासवट औषधात चांदीचे कण एकमेकांना चिकटून जाड होतात आणि माणसाच्या तोंडावर रवा सांडल्यासारखा दिसतो. मेटॉलचं मवाळ औषध तो रवा बारीक ठेवी. म्हणून त्या कॅमेऱ्यातली फिल्म मी तशीच गुंडाळून डब्यात ठेवली. मेटॉल येईल तेव्हा धुऊ म्हटलं.

त्या फिल्मवर होतं तरी काय? थंडीच्या दिवसांत आम्ही गल्लीतले पाचसहा जण येडशीला उतरून रामलिंगाला गेलो होतो. नुकताच घेतलेला कॅमेरा हातात, त्यामुळे मी माकडांचे फोटो काढले, पाण्याचे काढले, भाकरी खाणाऱ्यांचे काढले. शेवटी एका झाडाखाली सगळ्यांना उभं करून दोन फोटो काढले. त्या घोळक्यात समोरच्या अत्तरवाल्यांचा मुलगा होता. विशी उलटलेला, हसरा, बारीक दाढी राखलेला. फोटो काढून झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"मास्तर, अब्बाला सांगू नका बरं का," तो म्हणाला. "लई बोलतील."

त्याचे वडील म्हणजे साऱ्या गल्लीचे चाचा. माझ्या दारासमोरच त्यांचं दुकान. अत्तर, सुरमा, मेंदी आणि केस-दाढी काळी करायचा खिजाब. माणूस भला, पण धर्माला पक्का. तसवीर काढणं त्यांच्या लेखी पाप होतं. इतकी वर्षं शेजार, सणाला शीरखुर्मा घरी यायचा, पण माझ्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. बाहेरूनच म्हणायचे, "मास्तर, ही दुकानदारी सोडा, माझ्यासंगं अत्तर विका." मी म्हणायचो, "चाचा, तुम्ही पांढऱ्याची काळी करून लोकांना फसवता, मी जे आहे ते दाखवतो. पाप कुणाचं?" ते दाढीवरून हात फिरवून हसायचे.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि निजामाचं राज्य बघता बघता गेलं. आदल्या वर्षभर रझाकारांनी आमच्या भागात गावं लुटली, माणसं मारली. माझा एक आतेभाऊ त्यात गेला. ते मी विसरलेलो नाही. पण लष्कर पुढे गेल्यावर मागे खेड्यापाड्यांत जे झालं, तेही मी विसरलेलो नाही. ज्यांनी कधी काठी उचलली नव्हती, अशांना नुसत्या दाढीवरून घराबाहेर ओढलं. सूड घेणाऱ्याला माणूस ओळखायची गरज नसते. त्याला कुणीही चालतो. ओळखायची गरज पडते ती शोधायला निघालेल्या बापाला.

चाचांचा मुलगा त्याच सुमारास मुरूमच्या बाजाराला अत्तराची पेटी घेऊन गेला होता. तो परत आला नाही.

चाचा आधी गावातल्या तुरुंगावर गेले, कारण पुष्कळ लोकांना रझाकार म्हणून धरून आणलं होतं. नुसत्या नावावर काही कळत नव्हतं. भीतीपोटी अनेकांनी खोटी नावं सांगितली होती. तिथल्या माणसानं विचारलं, मुलगा दिसायला कसा? चाचांनी सांगितलं, गव्हाळ रंग, मध्यम उंची, बारीक दाढी. तो म्हणाला, आत सगळे असेच आहेत, फोटो असेल तर आणा. मग चाचा एसटी-बिसटी काही नसलेल्या त्या दिवसांत मिळेल त्या गाडीनं मुरूम-उमरग्याकडे जाऊन आले. जिथं विचारावं तिथं तोच प्रश्न, दिसायला कसा? बापानं आपल्या मुलाचं वर्णन करायला जावं आणि ते कुणालाही लागू पडावं, याहून वाईट काय असेल, मला माहीत नाही.

ते परत आले त्या दिवशी मी रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानात गेलो.

"चाचा, त्याचा फोटो आहे माझ्याकडं," मी म्हणालो. "रामलिंगाला काढला होता."

त्यांनी हातातली वजनं खाली ठेवली. मग म्हणाले, "मला बोलला न्हाय."

"भीत होता तुम्हाला."

हे मी बोलायला नको होतं असं नाही, ते खरंच होतं. पण त्यांचं तोंड जसं झालं ते मला बघवलं नाही. त्यांनी दुकानाची फळी लावली, माझ्यामागोमाग आले, आणि चपला बाहेर काढून पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत शिरले.

"दाखवा," ते म्हणाले.

आता त्यांना कसं सांगावं की दाखवण्यासारखं अजून काहीच नाही, डब्यात एक गुंडाळी आहे आणि ती धुवायला औषध नाही? मी सांगितलं. एकदा धुतली की पुन्हा धुता येत नाही, बिघडली तर बिघडली, हेही सांगितलं. म्हटलं, आधी फिल्मचा सुरुवातीचा तुकडा कापून हायड्रोक्विनोनमध्ये धुऊन बघू. त्यांना यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

त्या तुकड्यावर भाकरी खाणारा आमच्याच गल्लीतला कापडवाल्याचा मुलगा निघाला. माझ्याकडे विजेचा दिवा नव्हता. भिंतीला भोक पाडून बाहेर आरसा लावलेला, आरशातून ऊन आत घेऊन मी फोटो वाढवायचो. त्या पोराचं तोंड तळहाताएवढं करून मी कागदावर उतरवलं आणि चाचांपुढं धरलं.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

त्या पोराला ते जन्मल्यापासून रोज बघत होते. डोळ्यांच्या जागी दोन डाग, नाकाच्या जागी काहीच नाही, आणि सगळीकडे रवा. मी कागद चुरगाळला आणि औषधाची ताटली लाथ मारून पाडायची ती मोठ्या कष्टानं नाही पाडली.

मग मला खिजाब आठवला. एका जुन्या इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की मेटॉलच्या जागी दुसरं एक द्रव्य चालतं, चामड्यावरचे केस रंगवायला वापरतात ते, पॅराफेनिलीन नावाचं. त्यानं जितका बारीक कण मिळतो तितका कशानंच मिळत नाही. त्यात खोट एकच. ते अतिशय दुबळं. फोटो काढतानाच दुपटी-तिपटीनं उजेड द्यावा तेव्हा कुठं त्यात चित्र उठतं, आणि मी तर फोटो झाडाच्या सावलीत काढलेला. आणि चाचांच्या दुकानात, वरच्या फळीवर, खिजाबाच्या काळ्या दगडाचा लढाईआधीचा विलायती डबा होता. त्यावर हेच नाव छापलेलं मी कितीदा वाचलं होतं. मेंदीत थोडी पूड घातली की दाढी काळीभोर होते म्हणून लोक त्यांच्याकडून तो चिमटी-चिमटी नेत.

"चाचा, खिजाबाचा डबा आणा," मी म्हणालो.

"खिजाब? त्यानं काय व्हतंय?"

"त्यानंच झालं तर होईल."

ते उठले आणि डबाच घेऊन आले. "म्हाताऱ्यांच्या दाढ्या काळ्या करायचं हे," ते म्हणाले. "यातनं माझं पोरगं निघंल?" मी म्हटलं, बघू.

खलात ते खडे कुटले तेव्हा माझ्या डोळ्यांची आग आग झाली आणि शिंकांनी जीव नकोसा झाला. नखं काळी पडली, पुढं महिनाभर बोटांना फोड येऊन सालपटं निघत राहिली. उन्हात तापलेल्या पाण्यात ती पूड विरघळली, तिच्यात औषध टिकवणारं सल्फाइट घातलं, आणि कोऱ्या चहासारखं औषध तयार झालं. अंधारात चाचपडत फिल्मचा आणखी एक तुकडा कापला, आणि मनात एकच भीती, कात्री नेमकी त्याच्या तोंडावरून जायला नको. तो तुकडा खिजाबात धुतला. बाहेर काढून बघतो तर कण शोधून सापडत नव्हता, इतकं काम सुरेख. पण चित्रही जवळजवळ नव्हतं. काचेवर श्वास सोडावा आणि तो उडून जाता जाता दिसावा, तेवढंच.

एक औषध जोर देत होतं आणि चेहरा खात होतं. दुसरं चेहरा जपत होतं आणि त्याच्या अंगात जोर नव्हता. मी डोकं धरून बसलो. चाचा बाकावर बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मला उगीचच त्यांचा राग आला, मग माझा आला.

शेवटी मेटॉलची रिकामी बाटली आठवली. बुडाशी आणि बुचाला पांढरी भुकटी चिकटून होती. मोजावी म्हटलं तर तराजूचं पारडंही हललं नसतं. बाटलीत कोमट पाणी घालून मी ती खळखळून हलवली आणि ते धोवण खिजाबाच्या औषधात ओतलं. मेटॉल जरासं असलं तरी ते सुरुवात करून देतं आणि मग दुबळं औषध त्याच्या मागनं चालतं, असा माझा अंदाज होता. अंदाजच. वापरून बघायला तुकडा शिल्लक नव्हता. उरली होती ती घोळक्याच्या दोन फोटोंची पट्टी.

"चाचा, आता तुम्ही बाहेर बसा."

"न्हाय. मी हितंच बसतो."

काळ्याकुट्ट खोलीत आम्ही दोघं. मी पट्टी औषधात खालीवर करतोय, त्यांचा श्वास ऐकू येतोय. मेंदी आणि अत्तराच्या वासात औषधाचा उग्र वास मिसळलेला.

"कुठवर आलं?" त्यांनी विचारलं.

"चाचा, गप बसा."

थोड्या वेळानं पुन्हा, "मास्तर, दिसंना झालंय का काय?"

"अंधारात मलाही दिसत नाही. गप बसा म्हणतो ना." त्यांच्यावर मी असा कधी खेकसलो नव्हतो. ते गप बसले. मग मला कळलं की ते रडत होते. मी पट्टी हलवत राहिलो.

पट्टी उजेडात आणली तेव्हा पहिला घोळक्याचा फोटो हललेला निघाला. दुसरा होता. फिका, पण होता. त्याचं तोंड मोहरीच्या दाण्याएवढं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी ते वाढवलं. कागद धुवायला हायड्रोक्विनोन चालत होतं. ताटलीत कागदावर हळूहळू कपाळ आलं, टोपीची कड आली, डोळे आले. तो हसत होता. दात वेगवेगळे मोजता आले असते. डाव्या भिवईत एक बारीक खोक होती, तीही उतरली होती, आणि इतकी वर्षं त्याला समोरासमोर बघूनही मला ती कधी दिसली नव्हती.

चाचांनी बोट तिथंच ठेवलं. "लहान असताना खलाचा बत्ता पडला व्हता," ते म्हणाले. मग कागदाला म्हणाले, "दाढी नीट कर म्हणून किती सांगितलं व्हतं तुला." मला हुंदका आवरला नाही. खरं सांगायचं तर दुःखाच्या आत कुठंतरी अभिमानही होता. खिजाबाच्या दगडातनं असं काम मुंबईतल्या कुणी करून दाखवावं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

चाचांनी फोटो रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आत छातीशी ठेवला. तुरुंगात मुलगा नव्हता. मग ते पुन्हा मुरूमच्या वाटेला लागले. फोटो आता स्पष्ट होता, कुठंतरी कुणीतरी ओळखेल, एवढीच आम्हाला आशा.

ओळखलं. ते परत आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आले ते घरी न जाता आधी माझ्याकडे.

"मास्तर, तसवीर लई साफ निघाली," ते म्हणाले.

मी त्यांना बाकावर बसवलं. त्यांनीच सांगितलं. मुरूमच्या अलीकडच्या एका गावात एका बाईनं फोटो हातात घेतला आणि ती खालीच बसली. त्यानं तिच्या दारात पाणी मागितलं होतं. ती तांब्या आणायला आत गेली तेवढ्यात लोक आले आणि त्याला ओढ्याकडे ओढत नेलं. त्या बाईनं नंतर ओढ्याच्या कडेची जागाही दाखवली. चाचा तिला म्हणाले, बाई, तुमची चूक होत असंल, तसला कुणी दुसरा असंल. तिनं भिवईवर बोट ठेवलं.

"मग मी काय बोलू?" चाचा म्हणाले. "न्हाय म्हणायला जागा कुठं ठेवली व्हती तुम्ही."

हे ते मला दोष देऊन बोलले नाहीत. त्यांच्या आवाजात रागही नव्हता.

मग ते म्हणाले, "मास्तर, अजून एक काम हाय." त्यांनी अजून बायकोला काही सांगितलं नव्हतं. मुलगा सापडला नाही, एवढंच सांगणार होते. तिचं काळीज आधीच कमजोर, ती हे ऐकून जगायची नाही. पण तिला फोटोची खबर लागली होती. दुकानात मेंदी न्यायला गावोगावच्या बाया येतात, त्यांना दाखवून विचारीन म्हणून ती फोटो मागत होती. "अन् त्यात मुरूमकडली एखादी निघाली तर? तिच्या तोंडावर सांगून मोकळी व्हईल," चाचा म्हणाले. "तसलीच दुसरी काढून द्या. पण धुरकट. आईला दिसला पाहिजे, दुसऱ्या कुणाला ओळखू येता कामा न्हाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "चाचा, त्यापायी मी हात जाळून घेतले. ते आता मीच खराब करू?" मी वीस गोष्टी बोललो असेन. मग बोलायचं संपलं.

निगेटिव्ह लावली, भिंग सरकवून चित्राच्या कडा पुसट केल्या, वर मलमलीचा तुकडा धरला. पहिला कागद तरीही स्पष्ट आला. दुसऱ्यात तोंड इतकं विरलं की आईलाही दिसलं नसतं. तिसरा जमला. हसू तेवढं राहिलं, भिवया दोन सावल्या झाल्या. जन्मभर मी लोकांची तोंडं नीट यावीत म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. त्या दिवशी तितक्याच कष्टानं एक पुसलं.

चाचींनी तो फोटो डोळ्यांना लावला. "हाच माझा," त्या म्हणाल्या. त्यांना दुसरं काही दिसायचं कारणच नव्हतं. पुढे दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला त्या फोटो दाखवत, आणि त्या धुरकट पोरात जिला जो हवा तो दिसे. कुणी म्हणे, असा एक गुलबर्ग्याच्या स्टेशनावर होता. तामलवाडीच्या एका बाईनं तर शपथेवर सांगितलं की असाच एक जण सोलापुरात बांगड्या विकतो. त्या दिवशी चाची पदर सावरत माझ्या दारात आल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मागे, समोरच्या दुकानात, चाचा खाली मान घालून वजनं पुसत बसले होते.

"मास्तर, एक विचारू का?" चाची म्हणाल्या. "त्याच्या डाव्या भिवईला खोक हाय. ती यात दिसत न्हाय बघा. तेवढी काढून देता येईल का? म्हणजे सोलापुरातल्या माणसाला ओळखायला सोपं जाईल."

खोक आतल्या खोलीत होती. डब्यातल्या निगेटिव्हवर, केसाइतकी बारीक आणि स्वच्छ.

"नाही हो चाची," मी म्हणालो. "ते फिल्ममध्ये आलंच नाही. काम कच्चं झालं माझं."

त्यांनी फोटो पुन्हा रुमालात गुंडाळला आणि माझ्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघून मलाच समजावलं, "जाऊ द्या मास्तर, तुम्ही तरी काय करणार? औषधच मिळत न्हवतं."